सुमनताईंचा डावा हात

सुमनताईंना जाऊन आता महिना होईल. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी तशीच टाकून ताईंच्या घरी, वटारला निघाले. वाटेत एकच डोक्यात घोळत होतं, आता बायकांचं कसं होणार... माझी बाळंतपणं केव्हाच उरकलेली, तरीही.

ताई डूला होत्या. सुईण नव्हे, नर्सही नव्हे. कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत बाईजवळ बसून राहणारी सोबतीण. त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं त्यांनी, पण दवाखान्यात यायच्या त्या वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा माळून, माहेरवाशिणीला भेटायला आल्यासारख्या. डावा हात कायम मोकळा. एकदा कळ आलेल्या बाईच्या मुठीत त्यांची काचेची बांगडी फुटून तिचा तळवा कापला होता. तेव्हापासून डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या त्यांनी उजव्यात चढवल्या. त्यांच्या सासूबाईंना ते अजिबात रुचलं नाही. "सवाष्ण बाई, नि भुंडा हात घेऊन गावभर फिरते!" ताई उजवा हात त्यांच्यापुढे खणखण वाजवायच्या. "मोजा ना आई, एक तरी कमी आहे का?"

माझ्या वेळी आई हयात नव्हती. नवरा ऑफिसातून निघालेला, पण चंदनसारच्या दवाखान्यात पोचायचा होता. मी ताईंचा हात आवळून ओरडले, "मला नाही जमणार, मी घरी जाते!" त्या शांतपणे म्हणाल्या, "जाऊ ना बाय. दोघी मिळून जाऊ. एवढी कळ जाऊ दे." अशा कितीतरी कळा गेल्या, आणि घरी जाताना आम्ही तिघी होतो. त्यांच्या मनगटावर माझी नखं उमटलेली पाहून मी ओशाळले, तर म्हणाल्या, "अगं, हात आहे तो, शोकेसमधली बाहुली नव्हे." फार जीव होता माझा त्या बाईवर.

वटारला पोचले तेव्हा त्यांना हिरवं लुगडं नेसवून झालं होतं. ताईंची नणंद चुडा भरत होती. उजवा हात भरला आणि तिनं डावा हातात घेतला... नको म्हणावंसं वाटलं, पण बोलणारी मी कोण? सवाष्णीची पाठवणी भुंड्या हातानं कोण करू देईल?

"थांब गो," भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तो हात तसाच राहू दे."

"अगं आई, लोक काय म्हणतील?"

म्हातारी सरकत पुढे आली. सुनेचा डावा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

"त्या बांगड्या पन उजव्यातच घाल. ती घालायची तशा."

आणि तो मोकळा हात तिनं जो धरला, तो ताईंना उचलेपर्यंत सोडला नाही.