डोरोथीचं नाव पुसलं तेव्हा

त्र्यंबक दुपारच्या धावण्यानंतर कायम शेवटचा आत येतो, आणि ते पाय चालत नाहीत म्हणून नव्हे. पाय चांगले खणखणीत आहेत. कारण वेगळंच आहे, आणि ते कळलं की त्याला हसणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटतात.

मिनेसोटातल्या एका विद्यापीठात तो विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डचा डेटाबेस सांभाळतो. मूळचा नागपूरचा, घर ईडन प्रेरी या गावात. २००२ साली रक्तातली साखर वाढली, तेव्हा बायकोनं, सुमित्रानं, त्याला अक्षरशः ढकलून स्टाफच्या लंच-टाइम रनिंग ग्रुपमध्ये घातलं. ग्रुप लायब्ररीतल्या डोरोथीनं सुरू केलेला. बाई साठीची, काटक, शिस्तीला कडक. बारा दहाला जिमच्या मागच्या दारातून निघायचं, नदीकाठानं धावून एकच्या आत परत. दाराशी पांढरा फळा. निघताना नाव लिहायचं, आल्यावर पुसायचं. लांब जाणार असलात तर नावापुढे ठिकाणही लिहायचं. एक गोष्ट ती पुन्हापुन्हा बजावायची, "ज्याचं नाव त्यानंच पुसायचं. वाटेत काही झालं तर जागा सोडायची नाही. फळ्यावर नाव आहे तोवर कुणीतरी येणारच."

आता आमच्या त्र्यंबकाला एक खोड. काही अर्धवट पुसलेलं दिसलं की याचे हात शिवशिवणार. सुमित्रानं ओटा पुसला तरी हा मागून फडकं घेऊन हजर. "अहो, माझा ओटा तरी मला राहू द्या!" ती करवादायची. पण जित्याची खोड ती, जाते कुठे?

जानेवारी २००५. पारा शून्याच्या कितीतरी खाली. त्या दिवशी बाकीचे पुढे निघून गेले होते. त्र्यंबक बुटांच्या नाड्या बांधत होता, तेवढ्यात डोरोथीनं नाव लिहिलं, पुढे 'जुना पूल' लिहिलं आणि ती गेली. बारा पन्नासला तो परतला तेव्हा फळ्यावर दोनच नावं उरली होती, त्याचं आणि तिचं. बायकांच्या बाजूला शॉवरचं पाणी वाजत होतं. आली वाटतं बाई, पुसायचं विसरली! त्यानं स्वतःचं पुसलं आणि त्याच हातानं तिचंही. फळा कसा लख्ख झाला. बरं वाटलं गड्याला.

एकला मीटिंग. ग्रीन कार्डाच्या कागदांवर ज्याची सही व्हायची होती तो साहेब समोर, आणि त्र्यंबक पहिल्यांदाच प्रेझेंटेशन देत होता. एक पंचवीसला दार उघडून नरेंद्र आत डोकावला. शेजारच्या क्युबिकलमधला, तोही ग्रुपमधलाच.

"सॉरी यार, डोरोथीला पाहिलंस का? लायब्ररीतून फोन आलाय. फळा तर कोरा आहे, म्हणजे परत आलीय. बिल्डिंगमध्येच शोधतायत सगळे."

त्र्यंबकाला शॉवरचा आवाज आठवला. शॉवरमध्ये दुसरीच कुणी असली तर? घाईत नाव पुसताना पुलाचं कुणी वाचलेलं दिसत नाही. ते लिहिताना पाहणारा तो एकटा, आणि पुसणाराही तोच. साहेब घड्याळ बघत होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्याच्या मनात आलं, गप्प बसावं. सापडेल बिल्डिंगमध्ये. आपलं नाव कशाला मध्ये आणा? मग त्याची त्यालाच शिसारी आली.

"नाव मी पुसलं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "ती जुन्या पुलाकडे गेलीय. नरेंद्र, ॲम्ब्युलन्स बोलाव!"

आणि कोट घालत ऑफिसच्या बुटांवरच तो पळत सुटला. बर्फावर दोनदा सपशेल आपटला, गुडघा फुटला. अरे देवा, जिवंत असू दे, एवढंच तोंडात. पुलाखाली भिंतीला टेकून डोरोथी बसली होती. पाय घोट्यातून वाकडा, ओठ निळे, एक हातमोजा गायब. त्यानं कोट काढून तिला त्यात गुंडाळलं.

"उशीर केलात," ती अडखळत म्हणाली. "पण मी हलले नाही. माहीत होतं, नाव आहे फळ्यावर."

त्र्यंबकाला रडूच फुटलं. "नव्हतं, डोरोथी. मी पुसलं होतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं.  हॉस्पिटलमध्ये तिनं त्याला भेटायला नकार दिला. साहेबानं सही केली, यथावकाश कार्डही आलं, पण त्र्यंबकाला घास गोड लागेना. घरचा ओटा तर तो बघायचासुद्धा नाही.

एप्रिलमध्ये ती काठी टेकत जिमच्या दाराशी आली. थंडीनं गोठून हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती.  तिनं फळ्याचा डस्टर उचलला आणि त्र्यंबकाच्या हातात दिला.

"आजपासून हा तुझ्याकडे. सगळे आपापलं नाव पुसतील, तुझ्या डोळ्यांदेखत. मग शेवटी तू तुझं."

"मी? मीच कसा?"

"तुझ्याइतकं घाबरलेलं दुसरं कोण आहे इथे?"

२००८ मध्ये डोरोथी रिटायर झाली. शेवटच्या दिवशी ती पुलापर्यंत चालत जाऊन आली, अगदी सावकाश. दीड वाजून गेला होता. फळ्यावर दोनच नावं उरली होती, तिचं आणि त्याचं, आणि त्र्यंबक दाराशी डस्टर घेऊन उभा होता.