कालोलाइने आत्यांनी गाळलेली ओळ

आमच्या शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात एका पानावर तीन देशांच्या तीन कविता आहेत. तिन्हींत समुद्रानं माणूस नेलंय. तिन्हींची तुलना करा, गुण वीस. पहिली नॉर्वेच्या कवीची: नाव, जन्मगाव, दाढीसकट फोटो. दुसरी जपानच्या बाईंची, त्यांचंही सगळं यथासांग. तिसरीखाली काय, तर ‘टोंगा. लोकगीत. कवी अज्ञात.’

अज्ञात म्हणे! हे अज्ञात माणूस शाळेपासून चार घरं सोडून राहतं, माझी आत्या लागतं, आणि पुस्तक आलं त्या दिवशी ओसरीत बसून चटईसाठी केवड्याची पानं चिरत होतं.

कालोलाइने आत्यांचं वय चौऱ्याहत्तर. लिफुका बेटावर त्यांच्यासारखी बारीक विणीची चटई कुणी विणत नाही. मी शाळेत शिकवायच्या कविता आधी त्यांना वाचून दाखवते, आपल्या भाषेत सांगून. त्या विणता विणता ऐकतात आणि निकाल लावतात. या दोन कविता ऐकून म्हणाल्या होत्या, “नॉर्वेवाला समुद्राचे फार लाड करतो गं. ज्याचं माणूस गेलं तो समुद्राला सुंदर म्हणेल होय? जपानची बाई खरी. तिनं दारातल्या चपला बाजूला सरकवल्या आणि गप्प बसली.” वीस गुणांचं उत्तर यात आलं. परीक्षकांना सात जन्मांत सुचायचं नाही.

आत्यांचा एकुलता भाऊ म्हणजे माझे वडील. मी चार वर्षांची असताना त्यांची होडी गेली ती आलीच नाही. तेव्हापासून आत्यांनी त्यांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. माझ्या नावावरून ‘लोसेनाचा बाप’ म्हणतात. त्यांच्यापुढे आम्हीही काढत नाही. त्याच वर्षी त्यांनी ते गाणं केलं:

सुरण शिजला, पान मांडलं,
वाऱ्यानं दार लोटलं,
निवू दे मग, निवू दे.

दुसऱ्या ओळीनंतर त्या एका ओळीपुरतं नुसतं गुणगुणतात. लहानपणापासून आम्ही ते तसंच ऐकत आलोय.

सहा वर्षांपूर्वी ऑकलंडहून डॉक्टर हार्ग्रीव्ह आले. देशोदेशीच्या कविता शेजारी ठेवून अभ्यासायच्या, हा त्यांचा धंदा. टेप चालू करून त्यांनी आत्यांना विचारलं, हे कुणाचं? आत्या म्हणाल्या, “कुणाचं म्हणून सांगू? असेल कुणा खुळ्या म्हातारीची बडबड.”

आमच्याकडे असंच बोलतात. डुकराचं मटण, माशांचे ढीग मांडून पाहुण्याला म्हणायचं, घरात काही नाही, गोड मानून घ्या. सहा महिने विणलेली चटई देताना म्हणायचं, पाय पुसायला होईल. आपलं ते आपल्या तोंडानं मोठं करायचं नाही. आत्या तसं म्हणाल्या तेव्हा ओसरीतली सगळी माणसं खाली बघून हसली. मीही हसले, आणि ते वाक्य डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. जसंच्या तसं. त्याच्यामागची रीत सांगितली नाही, कारण मला वाटलं एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मूर्ख मी. त्यांच्यापेक्षा मला माझाच जास्त राग येतो.

ते पुस्तक डॉक्टरांनीच तयार केलेलं, म्हणून आल्या आल्या मी त्यांना पत्र पाठवलं. उत्तर आलं: त्या बाईंचं स्वतःचं बोलणं माझ्याकडे टेपवर आहे, आपल्या भावना समजतात, नवी आवृत्ती निघतेय, पुरावा मिळाल्यास विचार करू. भावना समजतात! तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, या आणि त्यांनाच विचारा.

जुलैत आले. पाहुण्याचा मान राखायला आमच्यात गुंडाळतात तशी कमरेला चांगली चटई गुंडाळून आत्या केवड्याची पानं चिरत बसल्या होत्या. डॉक्टरांनी टेप लावून विचारलं, “ही कविता तुम्ही केलीत का?”

“छे हो. मला कुठलं जमतंय?”

“आत्या, पुरे झालं,” मी म्हणाले. बापाच्या बहिणीशी असं बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही. “तुमचं नाव जातंय. माझी मुलं परीक्षेत अज्ञात लिहितात.”

“लिहू दे की. गुण मिळतात ना पोरांना?”

डॉक्टर समजुतीनं हसले. मग पुस्तक उघडून मला म्हणाले, “खरं तर पुरावा कवितेतच आहे. इथली एक ओळ गळून गेलीय. तोंडातोंडी फिरताना गाणी अशी झिजतात. एका हातची कविता असती तर ओळ शाबूत राहिली असती. जपानी कवितेतलं मौन मात्र मुद्दाम राखलेलं आहे. दोन्हींतला हाच तर फरक.”

आत्यांनी मला विचारलं, “काय म्हणतो हा? नीट सांग. या वेळी सगळं सांग.”

मी सगळं सांगितलं. आत्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

“झिजली?” त्या म्हणाल्या. “त्याला म्हणावं, झिजली नाही. मी गाळली. ओळ आहे.”

“कोणती?” डॉक्टरांनी टेप पुढे सरकवली. मला ती उचलून समुद्रात भिरकावावीशी वाटली. “आत्या, राहू द्या,” मी म्हणाले. “नको ते नाव. अज्ञात तर अज्ञात.”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गुणगुणायच्या जागी पहिल्यांदाच शब्द आले, “पेनिसिमानी, जेवून घे.”

माझ्या वडिलांचं नाव. सदतीस वर्षांनी, एका यंत्रासाठी.

आत्यांनी केवड्याचं पान पुन्हा हातात घेतलं. “लिहून घे म्हणावं,” त्या म्हणाल्या. “आणि जा म्हणावं आता.”

नवी आवृत्ती आली. कालोलाइने, लिफुका, फोटो, चारही ओळी. सगळं बिनचूक. आत्या आता ते गाणं म्हणत नाहीत.

मी वर्गात तिन्ही कविता मोठ्यानं वाचते. आमच्या कवितेतली दुसरी ओळ झाली की थांबते, मग शेवटची वाचते. दरवर्षी कुणीतरी हात वर करतं, मिस, एक ओळ राहिली.

मी सांगते, परीक्षेत आली तर लिहा. इथे वाचायची नाही.