शर्टाचा तुकडा

हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला, तसा म्हातारा वायनो बंदुकीवर बसवायची नवी दुर्बीण घ्यायला कॅरलच्या दुकानात आला. डोळे मोतीबिंदूनं गढूळ झाले होते.

"ही घ्या काका," कॅरल म्हणाली, "हरणाच्या पापण्या मोजाल!"

वायनोनं ती डोळ्याला लावून रस्त्यापलीकडची झाडी पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "पापण्या काय चुलीत घालू? हिच्यात एक फांदी मावत नाही धड. हरणाच्या आजूबाजूला कोण आहे ते दिसायला हवं मला. मोठं नको, ऐसपैस दाखवणारी दे."

"सगळ्यांचं एक, तुमचं भलतंच! अख्ख्या जन्मात एकदाच नेम चुकला म्हणे तुमचा. त्याचाच तुकडा टांगलाय ना शिकारीच्या झोपडीत?"

नेम चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचं टोक कापून झोपडीच्या भिंतीला टांगायचं, ही मिशिगनच्या त्या जंगलातली रीत. तरुणपणी नेम चुकला त्या संध्याकाळी वायनोनं गोळी झाडली, हरीण पळालं, दोस्तांनी खिदळत कात्री चालवली. वायनोही हसला. धाकटा भाऊ आर्वी तेवढा जेवायला आला नाही. सकाळी तो झाडीत मरून पडलेला सापडला. गोळी कुणाची, ते लोकांना कधीच कळलं नाही.

कॅरलनं दुसरी दुर्बीण दिली. वायनो ती झाडीवरून सावकाश फिरवत राहिला.

"कुणाला शोधताय काका?"

"तो तुकडा खोटा आहे, पोरी," दुर्बीण न काढता तो म्हणाला. "नेम चुकला होता. गोळी वाया गेली नव्हती."