धुऱ्यावरचा काळवीट

माघातल्या पहाटे हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. दंवात मिसळलेल्या त्या आंबट, किंचित तुरट वासातून चालत गेलं की पातळाचे काठ भिजून जड होतात, पोटऱ्यांना बारीक चुणचुण लागते आणि जिभेवर काही न ठेवताच तोंडाला पाणी सुटतं. त्या वासाने इतरांना हिरवे घाटे आठवतात, शेकोटी आठवते, राखेत भाजलेला हुळा आठवतो. मला आठवतो ताणलेल्या धनुष्याचा बांबू आणि त्याच्या पलीकडे उभा असलेला एक काळवीट. बाजारात हरभऱ्याच्या जुड्या दिसल्या तरी माझा उजवा खांदा आपोआप आवळतो. वयामुळे असेल असं लेक म्हणते. म्हणू दे बापडी.

आमचं गाव भातकुलीच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात. वरून जमीन काळी, कसदार, डोळ्यांना सुख देणारी. पण विहीर खणावी तर पाणी खारं, चूळ भरली तरी तोंड वाकडं व्हावं असं. त्या सपाट, क्षितिजापर्यंत पसरलेल्या प्रदेशात माझ्या वडिलांनी, आबांनी, आपल्या वाट्याच्या जमिनीतला एक मोठा तुकडा नांगराविना राखला होता. पवन्या आणि मारवेल गवताचं ते कुरण शरदात पिवळं पडू लागलं की वाऱ्याच्या एकेका झुळकीसरशी त्यावरून उजेड धावत जाई. गवत कापायचं तेही आबा सगळं कापू देत नसत. हरणींना पाडसं लपवायला उंच पट्टे सोडून द्यायचे, पाणवठ्याशी कुत्रं फिरकू द्यायचं नाही, उन्हाळ्यात मिठाचे खडे टाकायचे, होळीआधी गावची गुरं आत घालायची नाहीत. नात्यातले लोक हसत. "पाटलानं वावर सोडून हरणं पेरली," असं भर पंगतीत बोलत. आबा ऐकून घेत आणि आणखी एक पोळी मागत.

या सगळ्या मायेला एक कठोर टोक होतं. दर वर्षी, थंडी सरता सरता, आबा कळपातला एक काळवीट मारीत. तो सर्वांत काळा आणि सर्वांत जुना असायचा, शिंगांचे पीळ पुरते भरलेला. आणि मारायचा तो बाणाने. मेळघाटातल्या कोरकूंकडून आणलेलं बांबूचं धनुष्य, त्याला बांबूच्याच सालीची दोरी, गावच्या लोहाराने घडवलेली पाती. बंदुकीला कुरणात मज्जाव. "बंदुकीनं एक मरते अन् बाकीचे देशोधडीले लागते," हे त्यांचं कायमचं वाक्य. कोवळ्याला हात लावायचा नाही, हरणीला तर नाहीच. म्हाताऱ्याने आपलं आयुष्य भोगलं, त्याची जागा तरण्याला मोकळी करून द्यायची. मला हे फार न्यायाचं वाटे. जगात सगळीकडे असाच न्याय असावा असंही वाटे. एकोणीस वर्षांच्या पोरीला काय, काहीही वाटतं.

विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. त्या साली खरिपाने दगा दिला होता आणि गावाचा सारा जीव हरभऱ्यात अडकला होता. कुरणाला लागून पारबताबाईचं वावर. नवरा गेल्यापासून एकटीच्या हिमतीवर कसत होती. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली तेव्हापासून तिच्या घरात कोंबडंसुद्धा कापलं जात नव्हतं; पण जीभ मात्र पूर्वीइतकीच धारदार होती. पहाटे हरणं तिच्या हरभऱ्यात शिरत आणि शेंडे खुडून नेत. ती वावरातल्या माळ्यावरून पत्र्याचा डबा बडवी. कळप धूम पळे. एक काळा नर तेवढा धुऱ्यावर, तिच्या वावराच्या आणि आमच्या कुरणाच्या सीमेवर, मान ताठ करून उभा राही. रोज तोच, रोज तिथेच. बाकीचे दिसत नसत, तो दिसे, म्हणून सगळी नासाडी त्याच्या नावावर जमा झाली. तोच कळपाला वाट दाखवतो, तोच म्होरक्या, असं गावाचं ठरून गेलं. आबांचंही तेच मत होतं.

एका संध्याकाळी गाव आमच्या ओट्यावर जमलं. अकोल्याहून जीपवाले शिकारी बोलवायचे, दिव्याच्या झोतात कळपच्या कळप आडवा करायचा, असं बोलणं निघालं. दोघे-तिघे जण तर सांगावा धाडूनही मोकळे झाले होते. पारबताबाई खाली पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "पाटील, मले त्याचा जीव नाही पाह्यजे. मले माया हरभरा पाह्यजे. त्याले जीव हाय तं मले पोट नाही काय?" आबांनी शब्द दिला: येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत धुऱ्यावरचा काळवीट पडेल, नाही पडला तर जीप येऊ द्या, मी आडवा येणार नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी हे गृहस्थ गवताच्या गंजीवरून पडले! खांदा निखळला. हाडवैद्याने बसवून, पट्टे बांधून, हात गळ्यात अडकवून दिला. धनुष्य ओढणं दूर, स्वतःचा सदरा घालता येईना. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. शब्द द्यायची घाई आणि या वयात गंजीवर चढायची हौस, दोन्ही एकाच माणसाला असू नयेत. रागाखाली भीती होती, हे सांगायला हवं. जीप आली असती तर कुरण रिकामं झालं असतं, आणि रिकाम्या कुरणाकडे बघत आबा जगले नसते.

बाजाराच्या आदल्या पहाटे मी धनुष्य उचललं. अमरावतीला शिकायला होते तेव्हा आखाड्यात मुलींच्या वर्गात तिरंदाजी शिकले होते आणि सुट्टीत आबांच्या हाताखाली गवताच्या पेंढीत बाण रुतवले होते. जिवंत प्राण्यावर कधीच सोडला नव्हता. आई देवघराशी उभी राहून पुटपुटत होती. पोरीच्या जातीला हे शोभतं का, हा प्रश्न तिने त्या दिवशी गिळला. आबांनी फक्त सर्ज्या बैलाचा कासरा माझ्या हाती दिला. उघड्या मैदानात हरणाच्या जवळ जायची आमच्याकडची रीत म्हणजे बैलाआडून जायचं. हरीण माणसाला भितं, चरत्या बैलाला भीत नाही. "बैल थांबला तं थांब," आबा म्हणाले. "तो खाते तं खाऊ दे. तुले घाई हाय हे हरणाले लवकर समजते." पारबताबाईला निरोप गेला होता की आज डबा वाजवायचा नाही, आज हरभरा खाल्ला तर खाऊ दे.

पूर्वेकडे नुसती करडी रेघ होती. सर्ज्याच्या पुढच्या पायांशी वाकून, त्याच्या उबदार कुशीला खांदा लावून मी निघाले. तो चार पावलं चाले, थांबे, मारवेलीचा घास तोडी आणि निवांत रवंथ करावं तसा उभा राही. दंवाने बोटं बधिर झाली होती. सर्ज्याच्या श्वासाची वाफ, गवताचा कुबट ओलावा आणि धुऱ्यापलीकडून येणारा आंबेचा वास असं सगळं एकात एक मिसळलं होतं, आणि त्या वासाच्या कडेला, उजाडत्या आभाळावर कोरल्यासारखा, तो उभा होता. काळा, पोटाखाली पांढराशुभ्र, शिंगं मागे कललेली. ढेकूळ भिरकावलं तर पोचेल इतक्या अंतरावर मी आले आणि सर्ज्या पुन्हा चरायला लागला. मी बाण लावला. दोरी गालापर्यंत आली. बगलेमागची ती बोटभर जागा मला स्पष्ट दिसत होती.

तेवढ्यात तो हलला. मला वाटलं, संपलं, वास लागला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. कुरणातून दोन-तीन करडे नर, कोवळ्या शिंगांचे, त्याला वळसा घालून सरळ हरभऱ्यात घुसले, आणि त्यांच्या मागोमाग हरणींची रांग निघाली. म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि तो त्या रांगेला आडवा गेला. एका हरणीला त्याने फिरवलं, दुसरीला फिरवलं, तिसरी निसटली तर तिच्यामागे धावून तिला धुऱ्याच्या आत आणलं. नाकपुड्या फुगलेल्या, पाय घसरत असलेले. हरभरा वाचवायची त्याला काय पडली होती. त्याला त्याच्या हरणी आपल्या हद्दीत हव्या होत्या, एवढंच. पण हद्द त्याची आणि पारबताबाईची एकच होती. तरण्यांना तो आवरू शकत नव्हता. ते आत उभे राहून खुशाल शेंडे खुडत होते.

ओढलेली दोरी मी गालाशी तशीच धरून ठेवली. डोक्यात नुसता कल्लोळ. शब्द याच्या जिवाचा दिला होता. हा पडला तर गाव खूश, आबांची लाज राखली, जीप टळली. आणि उद्यापासून सगळा कळप बिनविरोध हरभऱ्यात. नाही पडला तर बंदुका. आणि कोवळ्याला हात लावायचा नाही हा आबांचा नियम, जो मी लहानपणापासून देवाच्या आरतीसारखा ऐकलेला. सर्ज्याने घास संपवला, मान वर केली. तो आता चालू लागणार आणि मी उघडी पडणार हे मला कळलं. करड्यांपैकी एक माझ्याकडे बाजू करून उभा होता.

मी हात वळवला आणि बाण सोडला.

तो फार लांब गेला नाही. मी पोचले तेव्हा त्याचे मागचे पाय अजून हरभरा तुडवत होते, तोंडातून हिरवा पाला बाहेर आला होता. मी मोठ्याने रडले. शिकाऱ्याने रडू नये म्हणतात. न रडणाऱ्यांनी म्हणावं. माळ्यावरून उतरून पारबताबाई धावत आली होती. पडलेल्या जनावराकडे बघून ती म्हणाली, "हा तं लेकरू हाय वं माय." मग धुऱ्याकडे बघितलं. कळप पांगला होता, आणि तो काळा अजून तिथेच उभा होता. डबा वाजला नव्हता म्हणून तिनेही ती सगळी धावपळ पहिल्यांदाच पाहिली होती. ती म्हणाली, "म्या रोज याच्याच नावानं बोटं मोडली."

ओट्यावर मेलेला करडा बघून लोक हसले. पोरीचा नेम चुकला आणि आता गोष्ट रचून राहिली, असं एकाने म्हटलं. मी अशी भडकले की आईने दंड धरला नसता तर त्याच्या अंगावर गेले असते. पण पारबताबाई पायरीवरून उठली, वर आली आणि पदर खोचून म्हणाली, "नुकसान कोनाचं झालं? मायंच झालं. मंग चोर कोन ते मी सांगतो. चोर पडला. जीपवाल्याले सांगा, येऊ नको." सांगावा परत गेला.

मी वाट बघत होते की आबा रागावतील, नियम मोडला म्हणतील; मग मी त्यांना काय काय सुनावणार होते ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी मला उठवून म्हणाले, मला ने. धनुष्य घेतलं नाही. सर्ज्याच्या आड आम्ही दोघं उभे राहिलो, ते एका हाताने बैलाच्या पाठीचा आधार घेऊन. पुन्हा तेच झालं. करडे आत शिरले, हरणी निघाल्या, म्हातारा आडवा गेला, दमला, पुन्हा धावला. आबांनी हे कधीच पाहिलं नव्हतं. दर साली ते इथवर येत, तेव्हा त्यांची नजर एकाच जनावराच्या बगलेवर खिळलेली असे. बाकी कळप काय करतो याच्याशी त्यांना तेव्हा कर्तव्य नसे.

घरी परत येताना ते थांबून थांबून चालत होते. उन्हं आली होती, गवतावरचं दंव निघून जात होतं. अमुक साली हरभरा गेला, अमुक साली तुरी गेल्या, असं ते स्वतःशीच मोजत होते, आणि प्रत्येक सालाला त्यांच्या हातून कळपाला आवरणारा एक म्हातारा पडला होता, ते त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मग मला म्हणाले, "इंदे, पुढच्या साली कोनाले मारायचं, हे आता मले नाही समजत."

इतकं निराधार वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सुनावायचं म्हणून जमवलेलं सगळं माझ्या जिभेवरून उतरून गेलं. मी म्हटलं, "मलेही नाही समजत, आबा." आणि आम्ही बैल घेऊन तसेच बांधाबांधाने घराकडे निघालो.