डीपीच्या सावलीत बसलेला माणूस

फळ्यावर सकाळी लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत पुसायचं नाही, हा नियम माझा. दुसऱ्या कुणी घालून दिलेला नाही.

शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाला मंडळाचा फळा होता. पंचवीस-एक वर्षं त्यावर मी लिहिलं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण अक्षर असं की हायस्कूलचे गुरुजी सायकल थांबवून वाचायचे. रातपाळी सुटली की कारखान्यातून थेट फळ्यावर यायचं, ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं, वर आजची बातमी लिहायची आणि खाली त्यावर माझं मत. एकच ओळ. पण ती ओळ वाचल्याशिवाय पेठेतला माणूस चहा पीत नसे.

मी यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. फळ्यावर लिहिताना स्टूल धरायला शेजारी मिस्त्री असायचा. तो जळलेल्या मोटारी भरून द्यायचा. मला सगळे जॉबर म्हणत, त्याला मिस्त्री. आमची खरी नावं रेशनकार्डावर तेवढी. त्याची ईद माझ्या घरी आणि माझा दसरा त्याच्या दुकानात, असं चाळीस वर्षं चाललं. त्याला मराठी वाचता यायचं, पण हळू. मी ओळ लिहिली की तो बोट फिरवत वाचायचा आणि म्हणायचा, "लागंल हं जॉबर. पर खरं हाय."

एकदा रस्त्यावरच्या दिव्यांवरून नगरसेवकाला लागेल असं लिहिलं. तो दोन माणसं घेऊन आला. म्हणाला, "म्हातारबा, पुसा ते." तेव्हा मी म्हातारा नव्हतो. मी फळ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "सकाळी पुसतो. माझ्या येळेला." मिस्त्री माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. ते गेले. त्या दिवसापासून पेठेत माझी मान वर झाली, ती मी कधी खाली घेतली नाही. चूक तिथंच झाली असं आता वाटतं. पण तेव्हा वाटलं नाही, आणि खोटं कशाला लिहू.

फळा गेला. आता तिथं वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, एकाचा उतरला की दुसऱ्याचा चढतो. कारखाना आधीच बंद झाला होता. घरात बसून भिंतीला बातम्या सांगण्याची पाळी आली, तेव्हा सुनेनं तिचा जुना मोबाइल मला दिला. माझं खातं काढलं आणि नाव टाकलं 'जॉबर सोलापूरकर'. बोलून लिहायचं कसं ते दाखवलं. म्हणाली, "मामा, आता सगळी दुनिया तुमचा फळा."

मग काय. इलेक्ट्रिक बस आल्याची बातमी आली, मी लिहिलं, आधी जुन्या बसची दारं लागू द्या. एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला, मी लिहिलं, मागाचा धोटासुद्धा दिवसातून इतक्या वेळा इकडून तिकडं जात नाही. सिनेमातल्या कुणाचं लग्न परदेशात लागलं, मी लिहिलं, अंथरायला चादर तरी सोलापूरची न्या. यंत्र आता आपलं आपण लिहितं म्हणे, त्यावर लिहिलं, लिहू दे, पण चुकलं तर जोडा कुणाला मारायचा? छतावरच्या सौरपॅनलपासून क्रिकेटपर्यंत मला मत नाही असा विषय राहिला नाही. लोक अंगठे द्यायचे. माझी आई कागदावर अंगठा उठवायची, तिला सही येत नव्हती. इथं शिकलेली माणसं मला अंगठा दाखवत होती. लई बरं वाटायचं. सकाळी उठून आधी अंगठे मोजायचो, मग तोंड धुवायचो.

मिस्त्रीकडं बटणाचा फोन. चहाच्या गाड्यावर मी त्याला माझं लिहिलेलं वाचून दाखवायचो. तो ऐकायचा, हसायचा. पण 'खरं हाय' म्हणायचा बंद झाला होता. माझ्या ध्यानात आलं होतं. मी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडची वीज गेली. एक दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा. बायकोला दमा. ती ओल्या फरशीवर पडून होती आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. सून मोबाइल घेऊन आली. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, सावलीत वीज कंपनीचा वायरमन बसलाय, पाठमोरा, गुडघ्यात मान घालून. खांबावर चढायची शिडी नुसती टेकवलेली. वर लिहिलं होतं, 'लोक उकडून मरतात, साहेब डुलकी घेतात.'

मी पुठ्ठा सुनेच्या हातात दिला आणि मोबाइल घेतला. बोललो आणि ते लिहून झालं: 'अशा ऐतखाऊला त्याच डीपीला उलटा टांगा. बसून पगार खाणाऱ्यांना हात कशाला पाहिजेत?'

पहिलंच मत माझं. वीज दुपारी आली. तोवर शंभरावर अंगठे झाले होते. संध्याकाळी कुणीतरी त्या वायरमनचं नाव शोधून माझ्या मताखालीच लिहिलं. नाव मुसलमानाचं निघालं आणि मग खाली जे सुरू झालं ते मी इथं लिहीत नाही. विजेचं त्यात काही नव्हतं. मी दोन-चार वाचली, चष्मा काढला आणि झोपलो. ते नाव मी वाचलं होतं. अशा नावाची पोरं पेठेत दहा असतील, असं मनाला सांगितलं.

सकाळी गाड्यावर मिस्त्री माझ्या आधी येऊन बसला होता. चहा सांगितला नव्हता.

"जॉबर, ते टांगायचं तू लिवलंस व्हय?"

"व्हय. का?"

"माझं पोरगं हाय ते."

गाडेवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. त्यालाही ऐकायचं होतं.

"मला काय ठाव? पाठमोरा व्हता," मी म्हणालो.

"परमिट आलं न्हवतं रे. सबस्टेशनवरनं लाइन बंद केल्याचा निरोप येस्तवर खांबाला हात लावायचा न्हाय. लावला तर वरच चिकटतो माणूस. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय त्याच्या. निरोपाची वाट बघत बसला घटकाभर."

"मग तसं लिव म्हणावं त्याला."

"त्यानं लिवून कोण वाचतंय? तुझं वाचत्यात." तो पुढं सरकला. "आज अकराला कंत्राटदारानं बोलावलंय त्याला. कंत्राटी पोरगं, एका शब्दावर घरी बसवतील. तू तेवढं पूस. आन् खरं काय ते लिव. तुझ्या नावानं."

एवढंच त्यानं मागितलं. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी म्हणालो, "मी लिवलेलं पुसत न्हाय. तुला ठाव हाय."

"ते फळ्याचं. फळा सकाळी तर पुसायचास की? ह्याला सकाळ कधी व्हती रे?"

"आन् खालची घाण मी लिवली न्हाय."

"फळ्याखाली कुणीतरी घाण लिवली व्हती एकदा, आठवतंय? मी बाहीनं पुसली. तवा तूच म्हणालास, आपल्या ओळीखाली आलं म्हंजे आपल्या दारात आलं."

तो माझंच बोलणं मला ऐकवत होता. त्याचाच मला राग आला. चार माणसं बघत होती. मी म्हणालो, "बघू."

तो उठला. "बघ बाबा," म्हणाला आणि गेला.

मी घरी आलो. नऊ वाजले, दहा वाजले. मोबाइल हातात होता. पुसायचं कसं ते मला येत नव्हतं, पण सून स्वयंपाकघरात होती, हाक मारली असती तर आली असती. मी हाक मारली नाही. अंगठे चारशेच्या वर गेले होते. नगरसेवकापुढं जो हलला नाही तो आता मागं सरला असं लोक म्हणतील, असं मनात होतं. कोण लोक? त्या चारशेतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले तेव्हा बरं वाटलं. झालं, आता काही करायला नको, असं. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

कंत्राटदारानं पोराला कामावरून काढलं. गाडेवाल्यानं नंतर सांगितलं, "त्यानं मोबाइलच समोर धरला म्हणं. म्हणाला, लोकांचं म्हणणं काय हाय ते बघ." लोकांचं म्हणणं. पहिली ओळ माझी.

पोरगं मोडनिंबकडं गेलं, शेतावर सौरपंप बसवणाऱ्या माणसाच्या हाताखाली. बायको-लेकरं इथंच. मिस्त्री आमच्या गाड्यावर यायचा बंद झाला. नव्या पेठेत कापडदुकानांच्या मागं एक हॉटेल आहे, तिथं जाऊन बसतो म्हणून कळलं. त्या गर्दीतून एवढं चालत जायचं त्याचं वय नाही. गुडघे दुखतात त्याचे.

मी लिहीत राहिलो. बातम्या काय, थांबत नाहीत. पण अंगठे मोजायची सवय गेली.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. बायको पलंगावर बसून लसूण सोलत होती. मधेच म्हणाली, "तुमी मागाशेजारी बसायचा तवा कारखानदार काय म्हणायचा वो?"

मला आठवलं. माग बिघडला की मी लगेच हात घालत नसे. शेजारी उकिडवा बसायचो, डोळे मिटून ठोका ऐकायचो. कुठं अडतंय ते कानाला कळायचं. मग मोटार बंद करून पट्टा उतरवायला सांगायचो आणि पट्टा उतरेपर्यंत पुन्हा बसायचो. चालू मागात हात घातलेले दोन जॉबर मी पाहिलेत, दोघांनाही पुढं डाव्या हातानं जेवावं लागलं. एकदा कारखानदारानं मला तसा बसलेला बघितला आणि सगळ्या पाळीपुढं म्हणाला, "झोपायला घर न्हाय का रं तुला?" त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नव्हतो.

"तवा रडला व्हता तुमी," बायको म्हणाली.

"रडलो न्हवतो."

"बरं, न्हवता," ती म्हणाली आणि लसूण सोलत बसली.

वाट बघत बसणं हेच काम असतं, हे पेठेत कुणाला कळायला पाहिजे होतं, तर मला.

मी सुनेला हाक मारली. ते जुनं शोधायला तिला वेळ लागला. खाली खाली जात राहिली. सापडलं तेव्हा म्हणाली, "मामा, हितं दाबा. तुमचं गेलं की त्याच्या खालचं पण सगळं जातंय."

"सगळं?"

"व्हय की. तुमच्या खालीच हाय न्हवं ते."

म्हणजे त्या सकाळी एक बोट दाबलं असतं तर त्या पोराच्या नावाची ती सगळी घाण गेली असती. कंत्राटदारानं मोबाइल धरला असता तरी त्यावर एवढं काही नसतं. दाबलं. गेलं.

फळा पुसला की पांढरा डाग राहायचा. काहीतरी होतं आणि पुसलंय, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. इथं काहीच राहिलं नाही. मी पुसलं हे कुणाला कळणार? मग त्याच व्हिडिओखाली दुसरं लिहिलं. बोलून नाही, एकेक अक्षर बोटानं, संध्याकाळपर्यंत: 'हा पोरगा झोपला नव्हता. लाइन बंद झाल्याच्या निरोपाची वाट बघत होता. मी जॉबर. मला कळायला पाहिजे होतं. याला टांगा म्हणून मी लिहिलं होतं, ते चूक.' दुसऱ्या दिवशी त्याला तीन अंगठे होते. त्यातला एक सुनेचा. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'काका, कुठल्या जमान्यात आहात?'

तिसऱ्या दिवशी मी नव्या पेठेत गेलो. हॉटेल भरलेलं होतं. मिस्त्री भिंतीकडच्या बाकावर होता. मला बघून सरकला नाही, पण बाकावर जागा होती. मी बसलो.

"पुसलं," मी म्हणालो.

"कवा?"

"परवा."

त्यानं चहा बशीत ओतला. "पोरगं जाऊन पाच म्हैने झाले."

"दुसरं लिवलंय. खरं काय ते."

"वाच."

मी मोबाइल काढून वाचलं. हळू वाचलं, माझ्यापुरतं आणि त्याच्यापुरतं.

"मोठ्यानं वाच की. तवा काय हळू लिवलं व्हतंस?"

मग मी उभा राहिलो आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं वाचलं. आवाज फाटला. समोरच्या बाकावर चौघं जण होते, चौघांच्या माना मोबाइलमध्ये. वाचून होईपर्यंत त्यातल्या एकानं मान वर केली, माझ्याकडं बघून हसला आणि मोबाइल माझ्यावर धरला.

मिस्त्री उठला. गुडघ्यावर हात देऊन उठला, वेळ लागला त्याला. त्या मोबाइलच्या आणि माझ्या मधे जाऊन उभा राहिला.

"शूटिंग नको," म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला बसू दे."

मी बसलो. वाटलं, आता तो वळंल, बसंल. तो तसाच दाराकडं गेला. बाहेर गर्दी होती, रिक्षा आडवी लागली होती. तिच्या कडेनं पाय ओढत गेला. त्याची बशी माझ्यासमोर होती, तिच्यात अर्धा चहा तसाच होता.

मी अजून रोज त्या हॉटेलात जाऊन बसतो. तो येत नाही. आता कुठं बसतो ते मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही. बसतो घटकाभर, वाट बघत.