सनाबिसच्या तळघरातला माझा आवाज

मी बहारीनला गेले ती मुलाच्या कौतुकात बुडून. तिसऱ्याच दिवशी त्या कौतुकाची पार वाट लागली, हे आधीच सांगून टाकते.

राहुल सहा वर्षांपासून तिकडे नोकरीला आहे. पहिल्या वर्षी नुसता मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे जेवलो, दोन म्हणजे ठीक आहे. त्या एका रिंगसाठी मी फोन पदराखाली घेऊन बसायची. काय दिवस होते! गेली दोन वर्षं मात्र रोज दुपारी साडेचारला फोन, तोही चांगली चाळीस मिनिटं. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत बायका म्हणायच्या, "असा मुलगा नशिबानंच मिळतो, बाई." मी वरवर "चला, काहीतरीच" म्हणायची आणि आतून फुगायची.

विमानातून आधी पाणीच पाणी दिसलं, मग मातकट जमीन. बाहेर पाऊल टाकलं तर अंघोळीच्या बंबाजवळ उभं राहावं तशी दमट, गरम हवा. राहुल बारीक झाला होता. "जेवतोस की नाही?" म्हटलं, तर हसला फक्त.

त्याची खोली उम्म अल हस्समला, तिसऱ्या मजल्यावर. खाली भट्टी आहे, तिथे सकाळी खुबूस (मोठी, गोल रोटी) गरमागरम मिळते. शुक्रवारी त्याने सखीरकडे फिरवून आणलं. जिकडेतिकडे वाळू, मध्येच विद्यापीठाच्या मोठमोठ्या इमारती. आमची काळी माती आठवून मला उगाच भरून आलं. येताना बलालीत नावाचा तिथला पदार्थ खाल्ला. गोड शेवया आणि वर चक्क आम्लेट! राहुल लहानपणी शेवयांना तोंड लावत नसे, आता ताट चाटूनपुसून साफ केलं. गाडीत मात्र मी बोलत होते, तो रस्ता बघत होता.

रविवारी तो मला कामाच्या ठिकाणी घेऊन गेला. सनाबिसजवळच्या एका मॉलखाली, दोन मजले खोल तळघर. बहारीनमध्ये भुयारी रेल्वे नाही, पण दुसऱ्या देशांतल्या भुयारी गाड्यांत प्रवाशांना वायफाय मिळावं म्हणून लागणारी यंत्रं त्याची कंपनी बनवते. खांबाखांबावर त्याच यंत्रांचे डबे चाचणीसाठी लावलेले. बॅटरीच्या गाडीत बसून फोनवर बोलत जायचं आणि एका डब्याकडून दुसऱ्याकडे जाताना आवाज कुठे तुटतो ते बघायचं. दारावरचा म्हातारा बहारीनी रखवालदार माझ्या हातातला फोन पाहून हसत म्हणाला, "मामा, नीचे नेटवर्क मफी!" (मामा म्हणजे आई, मफी म्हणजे नाही.)

खाली पुण्याची अनघा भेटली, राहुलबरोबर काम करणारी. मी "नमस्कार" म्हणायचा अवकाश, पोरगी आनंदाने ओरडलीच.

"अय्या, काकू तुम्ही! हा आवाज आम्ही सगळे ओळखतो. रोज दोन वाजता स्पीकरवर असता ना! तुमच्या जाऊबाईंच्या पापडांचं पुढे काय झालं?"

इथले दोन म्हणजे आमचे साडेचार. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. राहुलची मान खाली.

मी त्याला खांबाआड घेतलं. "टेस्टिंगसाठी दुसरं माणूस भेटलं नाही तुले?"

"बाकीचे दोन मिनिटांत गप होतात, माय. मग आवाज तुटला का माणूस थांबलं, समजत नाही. तू त थांबतच नाहीस."

"मले वाटे, तू माह्याशी बोलतो."

"ऐकत होतो ना."

"काय ऐकलं? सांग बरं एक गोष्ट."

त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला. खांबाचा नंबर आणि त्यापुढे, आवाज तुटला तेव्हाचा माझा शेवटचा शब्द. खांब नऊ, 'गुडघा'. खांब सतरा, 'तुझे बाबा'. खांब वीस, 'एकटी'. दोन वर्षांच्या बोलण्यातलं एवढंच उरलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "माय, शेवटची टेस्ट आहे. बोलशील?" मी नाही कसं म्हणणार? वर मॉलमधल्या बाकावर बसले आणि बोलले. जाऊ नाही, पापड नाही. त्याचे बाबा गेले त्या दिवसापासून मी घरात एकटी कशी जेवते, ते सगळं. अर्ध्या तासाने अनघा धावत वर आली. "काकू, खलास, काम झालं! एकदाही तुटलं नाही!" मागून राहुल आला. त्याच्या हातातला कागद कोरा होता. टेस्ट पास झाली, त्यामुळे आता फोन करायचं कारणही संपलं. विमानतळावर तो मला बिलगून रडला.

घरी आले. पहिल्या दिवशी साडेचारला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःला दटावलं, आपण जगलो नाही का मिस कॉलवर? तिसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊला फोन वाजला.

"माय, आज कामातून नाही केला. घरूनच केला."

"बरं."

"बोल ना."

"रोज मीच बोलले, बाबा. आज तू बोल."

लाइन तुटली नव्हती, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग माझा सहा फुटी मुलगा लहानपणच्या आवाजात म्हणाला, "माय, मले इथं करमत नाही."

सहा वर्षांत हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. तो ऐकत नव्हता म्हणून मी केवढी रुसले होते! पण रोज चाळीस मिनिटं मीच बोलत राहिले, तर हे एवढं एक वाक्य त्या पोराने सांगायचं तरी कधी?