घशापर्यंतचं सुख

फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. सकाळचे साडेसहा वाजले असतील. पलीकडून मार्थामामीचा आवाज, अगदी सरळ, जणू भाजी संपली म्हणून सांगावं तसा : "सुशे, मामा गेले गं प्रभूच्या घरी." मी "बरं" म्हणाले. खरंच, एवढंच म्हणाले. मग दूध उतू गेलं, आणि रडायचं सोडून मी शेगडी घासत बसले. इंदिरानगरहून शरणपूर रोडपर्यंत रिक्षाने जाताना मात्र एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. दोनच दिवसांपूर्वी शांतवनमामांनी माझ्याकडे चार काळी द्राक्षं मागितली होती, आणि मी दिली नव्हती.

सहा आठवडे झाले. गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामीला तर नाहीच.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि वडिलांची नोकरी फिरतीची. म्हणून शाळा संपेपर्यंत मी मामा-मामींकडेच वाढले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामा सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. लोखंडाचा केसाएवढा फरकही त्यांना बोटाने कळायचा, आणि माणसातला त्याहून आधी. बोलणं मोजकं, प्रार्थना मात्र लांबलचक. जेवणाआधीच्या आशीर्वादात ते आजारी माणसं, प्रवासातली माणसं, सरकार, पाऊस आणि पेठकडच्या सगळ्या गरीब ख्रिस्ती मंडळ्या घ्यायचे, तोवर रस्स्यावर साय धरायची. मामी एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची, मी दोन्ही उघडून तिच्याकडे. "आमेन" म्हटल्यावर मामा शांतपणे म्हणायचे, "कोण बघत होतं ते प्रभूला दिसलंय."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नाताळात करंज्या झाल्या, कुणाकडे लग्नाचं जेवण झालं, की उजव्या हाताची चार बोटं गळ्याला लावून ते म्हणायचे, "जिभेपासून घशापर्यंत चार बोटं वाट. जगातलं सगळं सुख तेवढंच. पुढे काय आहे ते बघा. आत्मा राहायचाय." ताटात पडेल ते खायचे. अळणी असो, खारट असो, तोंडातून चकार शब्द नाही. एकदा मामी वैतागून म्हणाली, "अहो, मग त्या चार बोटांत तरी बरं म्हणा की!" मामा हसले आणि पाणी प्यायले. मामीचं नाव बायबलातल्या, पाहुणचारात राबणाऱ्या मार्थेचं, आणि तिचा जन्म नावाप्रमाणेच चुलीपुढे गेला. पण दाद कधी मिळाली नाही. मला त्या वयातही तिची कीव यायची, आणि मामांचा थोडा रागही.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत सगळ्यांना पेल्यातून द्यायचा द्राक्षरस करण्याचं काम वर्षानुवर्षं मामांकडे होतं. हंगामात ते दिंडोरीला जाऊन ओळखीच्या बागेतून काळी द्राक्षं आणायचे. ती धुवायची, उकळायची, मलमलीतून गाळायची, बाटल्या भरायच्या. त्या दिवशी अख्ख्या घराला गोड वास यायचा, आणि मला हात लावायची बंदी. मामा स्वतःही थेंबभर चाखत नसत. "प्रभूच्या मेजावर जाणारं आधी आपल्या जिभेला लावायचं?" ही शिस्त त्यांनी बायबलातून घेतली की शेजारच्या जोशीकाकूंच्या नैवेद्यावरून, हे मला आजवर कळलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जोशीकाकूंचं चुकतं असं कुठं आहे?"

एका वर्षी मात्र घात झाला. मे महिन्यात फ्रिज बिघडला, आणि न चाखलेला तो रस तसाच चर्चमध्ये गेला. पाळकसाहेबांनी पहिला पेला घेतला आणि जरा थांबले... पण विधी अर्ध्यावर कसा सोडणार? पेले फिरले. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी चक्क मिटक्या मारल्या, आणि शेवटचं गीत इतक्या उत्साहात झालं की पेटीवाला मागे पडला. रस आंबला होता! ज्या घरात खोकल्याच्या औषधाचाही वास घेऊन बघत, त्या घरातून दारू गेली होती. पुढच्या रविवारी मामांनी उभं राहून मंडळीची माफी मागितली. लोक हसू दाबत होते. तेव्हापासून दर हंगामात मामी चमचाभर रस चाखायची, आणि तेवढा वेळ मामा अंगणात पाठ करून उभे राहायचे. महिन्यातून एकदा त्या बोटाएवढ्या पेल्यातून काय मिळेल तेवढंच द्राक्ष त्यांच्या वाट्याला.

मला ते कोरडे वाटायचे, पण तसे ते नव्हते. मी दहा वर्षांची असताना जत्रेत आकाशपाळण्यात बसायचा हट्ट धरला. "क्षणाचा खेळ," म्हणाले, पण तिकीट काढलं. वर गेल्यावर पाहिलं तर खाली गर्दीत मामा माझ्या चपला दोन्ही हातांत धरून, मान वर करून उभे. त्यानंतर ते मला दुसऱ्या फेरीलाही बसवून आले.

शेवटच्या आजारात साखर वाढलेली, आणि मूत्रपिंडांनीही साथ सोडली. दवाखान्यातून घरी आणलं होतं. मामी औषधं आणायला गेली होती आणि मी एकटीच त्यांच्याजवळ बसले होते. धीर करून विचारलं, "मामा, भीती वाटते?"

"घर बदलायची कसली भीती?" मग खोलीभर नजर फिरवली. "पण सुशे... हल्ली इथलं सामान फार आवडायला लागलंय गं."

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "द्राक्षं आली का बाजारात?"

"आली."

"काळी चार आण. आयुष्यभर उकळली. एकदा सावकाश खाऊन बघावीशी वाटतात." आणि चार बोटं गळ्याला लावून, चोरी सापडल्यासारखे हसले. "घशापर्यंतचंच मागतोय."

मी म्हणाले, "परवा आणते हं, साखर जरा उतरू दे." ते "बरं" म्हणाले. काही मागायची सवय नसलेला माणूस दुसऱ्यांदा मागत नाही. आत्मा अमर आहे यावर त्यांचा विश्वास होता, आणि परवा अमर आहे यावर माझा. लहान मुलाला समजावावं तसं मी त्यांना समजावलं, याची आजही लाज वाटते.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मामीबरोबर घरी गेले. ती चहाला आधण ठेवत होती. तिच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. ती वळली. आता बोलेल, आता दोन शब्द सुनावेल, म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुझ्याकडे मागितली? स्वतःहून?"

"हो."

"काळीच म्हणाले?"

"काळीच."

मामी पाटावर बसली. "बेचाळीस वर्षं गं, सुशे. 'अजून वाढ' एवढंसुद्धा म्हणाले नाहीत कधी. मला वाटायचं, यांना काही आवडतच नाही... नाहीतर माझ्याच हाताला चव नाही." पदराने डोळे पुसून म्हणाली, "कसे म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांग. आपलं घालू नको."

मी त्यांच्या शब्दांत सांगितलं. सामान आवडायला लागलंय म्हणाले, तेही. चार बोटं गळ्याला लावून दाखवली, तेव्हा मामी हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना. चहा आटून गेला. दुसरा ठेवला.

काल पुन्हा गेले होते. मामीने दार लावलं, पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"हं," म्हणाली, "आधी खिडकीकडे बघितलं त्यांनी. मग?"

मग मी सांगत जाते, 'परवा'पर्यंत. तिला ऐकायचंय तोवर सांगावंच लागणार आहे.